दोन रुपये, २००३, भोक असलेलं

सकाळपासून तिसरं गिऱ्हाईक
आणि तिसरा पाच लाखांचा व्हिडिओ.
गोखले रोडला जिन्याखाली माझं साडेचार फुटांचं दुकान.
वाकून आत आली विटाव्याची रेवती मढवी,
रुमालाची गाठ दातांनी सोडत म्हणाली,
"हत्तीवालं आहे. बघा तरी."

हत्तीवालं म्हणजे रेल्वेची दीडशे वर्षं.
गार्ड झालेला हत्ती, हातात कंदील.
पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती इथे येऊन थांबली,
म्हणून ठाण्यात घरटी एक तरी सापडतं,
बटणांच्या डब्यात, देव्हाऱ्यात, जुन्या पासच्या पाकिटात,
आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडेच आहे.

दिवा ओढला. भिंग लावलं.
नाणं आधी उंचावर बघायचं,
जे वर उठलेलं असतं तेच पहिलं जातं.
हत्तीचं कपाळ सपाट. सोंडेच्या वळ्या पुसट.
वर्षाखाली टांकसाळीची खूण, हिरा होता की तारा
की मुळात काहीच नव्हतं,
आता तिथे फक्त कुणाचा तरी अंगठा.

"घासलंत?"
"दिवाळीत एकदा. टूथपेस्टने."
"नको होतं. मळ परवडतो, लकाकी परवडत नाही."

अकरा कोपरे असतात याला.
दहा ठीक आहेत.
अकरावा इतका गुळगुळीत
की वर्षानुवर्षं कुणीतरी तोच पुढे करत असणार.
आणि काठाजवळ भोक, ड्रिलचं, आरपार.
काट्यावर सहाच्या जागी पाच पॉइंट आठ.

"आईचा बूथ होता," ती म्हणाली, "नाक्यावर, पिवळा.
लोक रिचार्जचं कार्ड घ्यायचे, तिथेच खरवडायचे,
नाणं मागायचे आणि खिशात घालून जायचे.
मग तिने वेल्डिंगवाल्याकडून भोक पाडून आणलं,
सुतळीने खिळ्याला बांधलं."

मी वजन लिहून घेत होतो.

"नखाने खरवडलं की आकडा फाटतो.
रात्रीची माणसं यायची, मस्कतला, दरभंग्याला लावणारी.
त्यांचं तीच खरवडायची.
सोळा आकडे मोठ्याने वाचायची,
कुणाला चष्मा नसायचा,
कुणाला वाचताच यायचं नाही."

माझ्या वहीत रकाने आहेत:
कोरं, जवळपास कोरं, छान, बरं, चाललेलं.
त्यांच्याखाली एक रेघ,
रेघेखाली बिघडलेलं.
कोरं माझ्याकडेही आहे एक, प्लास्टिकमध्ये बंद,
वीस वर्षांत त्याने पाव वडासुद्धा घेतलेला नाही.

"मग किती?"
"भोक नसतं तर दोनच रुपये.
चकचकीत असतं तर वीस, फार तर तीस.
आता वाणीही घेणार नाही.
किंमत नाण्यावरच आहे," म्हणून
मी भोकाकडे बोट दाखवलं.
जीभ चावली, पण उशीर झाला होता.

ती हसली मात्र.
"शून्य ना? आई म्हणायची,
शून्य नीट वाच गं,
लोकांचे पैसे तिथेच अडकतात."

मग नाणं उचलून तिने माझ्याच दिव्यासमोर धरलं,
एक डोळा मिटून.
भोक नेमकं कंदिलाच्या जागी पडलंय
हे मला दहापट भिंगातूनही दिसलं नव्हतं.

कागदी पाकीट मागितलं तिने, छोटं.
पाकिटाचे दोन रुपये झाले.
तिने सुटे दिले, मीही घेतले, धंदा आहे.
पाकिटावर लिहिलं: दोन रुपये, रेल्वे, २००३.
दर्जा या शब्दापुढे पेन बराच वेळ तसंच राहिलं.
बाहेर रिक्षावाला कळवा, विटावा ओरडत होता, एक सीट, एक सीट.
घाईत लिहिलं मी:
पूर्ण वापरलेलं.