डाव्या विंगेतून

फिन्टन हार्किन पहिल्यांदा बोर्डावर आला
तो प्रेत म्हणून.
ग्लेन्टीजचा पॅरिश हॉल, बाहेर फेब्रुवारी,
आत रॉकेलच्या दोन शेगड्या आणि ओल्या कोटांचा वास.
मालकाने त्याला किलीबेग्जच्या धक्क्यावरून उचललेला,
नखांत अजून बांगड्याचे खवले.
दुसऱ्या अंकात तो चादरीखाली शिंकला
आणि पहिल्या रांगेतली बाई म्हणाली, "देव तुझं भलं करो."
त्या रात्री पगार कापला गेला.
हशा मात्र मिळाला होता. तो त्याने जपून ठेवला.

मी प्रॉम्पटर.
डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर वही, मुठीत टॉर्च.
आमची कंपनी एका लॉरीत मावायची:
सहा नट, एक पडदा, दोन्ही बाजूंनी रंगवलेला,
इकडून राजवाडा, तिकडून स्वयंपाकघर.
मध्यंतरात चहाच्या किटलीची सोडत.
सोमवारी खून, मंगळवारी संत, बुधवारी फार्स,
आणि सगळ्यांची वाक्यं त्याच्या एकाच डोक्यात
एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली.

दोन वर्षांत मला त्याचा श्वास पाठ झाला.
तो थांबला की कळायचं
हा विराम आहे की विसर.
विरामात अंगठा स्थिर असायचा.
विसरात तोच अंगठा कोटाचं बटण शोधायचा.
बटण सापडायच्या आत मी शब्द पोचवायचे.
लोक म्हणत, काय थांबतो हो हा माणूस!
त्यातले निम्मे थांबे माझे होते.
हे कुणाला बोलले नाही. आता बोलते.

मग डब्लिन. मग लंडन,
किलबर्नमधली पोटमाळ्यावरची खोली,
मीटरमध्ये नाणं टाकलं तरच ऊब.
मग सिनेमा.
"इथे प्रॉम्पटर लागत नाही, चुकलं की परत घेतात,"
असं त्याने पत्रात लिहिलं,
कुणी गेल्याचं कळवावं तसं.
तिथे त्याला दारुडे मिळाले, पाद्री मिळाले,
गवताच्या गंजीत बंदूक लपवणारे भाऊ मिळाले.
नऊ सिनेमांत तो पहिल्या अर्ध्या तासात मेला.
शिंकला एकदाही नाही.

स्लायगोच्या थिएटरात मी त्याला बघायला गेले.
चेहरा घराच्या भिंतीएवढा.
कठड्याला टेकून तो बायकोला काही सांगणार होता
आणि थांबला.
अंगठा चौकटीच्या बाहेर.
मला दिसेना.
न राहवून मी शब्द दिला: "उद्या."
डोअरकीपरचा टॉर्च थेट माझ्या तोंडावर.
पडद्यावर तो म्हणाला, "कधीच नाही."
चांगलं वाक्य होतं. माझ्यापेक्षा चांगलं.

उतारवयात टीव्हीवर दर गुरुवारी पाद्री, अकरा वर्षं.
म्हाताऱ्या त्याला बसस्टॉपवर गाठून पापं सांगायच्या.
तो ऐकून घ्यायचा. एकीला म्हणे माफही केलं.
शेवटी शेवटी त्याच्या कानात मटारएवढं यंत्र बसवलं,
बाहेर व्हॅनमधली एक मुलगी वाक्यं सांगायची.
रात्री फोन आला:
"ती पोरगी फार घाई करते गं.
बटणापर्यंत पोचूच देत नाही."

मी रिसीव्हर धरून उभी राहिले.
म्हणजे त्याला माहीत होतं.

मार्चमध्ये त्याला किलीबेग्जला आणलं.
चर्च भरलेलं, निम्मे लोक गुरुवारच्या पाद्र्यासाठी आलेले.
खरा पाद्री पोरसवदा, कागद घरी राहिला असावा.
"आज आपण निरोप देतो आहोत आपल्या लाडक्या..."
आणि थांबला.
त्याची बोटं झग्यावर काही शोधू लागली.
झग्याला तिथे बटण नव्हतं.

मी दुसऱ्या बाकावर, डाव्या हाताला.
"फिन्टन," म्हटलं,
जेवढ्या आवाजात म्हणायचं असतं तेवढ्याच.
त्याने मान न वळवता शब्द उचलला,
चांगल्या नटासारखा.