चुन्याची निवळी

लिटमसचे कागद जूनमध्येच संपले.
बन्युवांगीच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली,
उत्तरादाखल एक कॅलेंडर आलं.
मग शाळेच्या कुंपणावरची गोकर्णाची फुलं तोडली,
उकळत्या पाण्यात बुडवली
आणि वर्गाला सांगितलं, उद्या घरातलं काहीही आणा,
फक्त ओतता आलं पाहिजे.

आणलं त्यांनी.
चिंचेचा कोळ, केळीच्या सालीची राख कालवून गाळलेलं पाणी,
कुणाच्या तरी मावशीचा शॅम्पू.
जुमारीनं काय आणलं होतं ते वासावरून कळलं
आणि तास दहा मिनिटं थांबला.
(जांभळट. फारसं काही सिद्ध झालं नाही.)

चिंचेनं गुलाबी. राखेनं हिरवं.
शॅम्पू घातला, तरी निळं ते निळंच.
"सर, याला कशाचं काहीच वाटत नाही का?"

शेवटच्या बाकावरून विवित उठली.
तिच्या बाटलीत नुसतं पाणी दिसत होतं.
बाबांचा शर्ट भिजवलेलं, म्हणाली,
पहिलं पाणी, दुसरं नाही.
आम्ही तो शर्ट वेगळा धुतो,
नाहीतर बाकीच्यांना भोकं पडतात.

निळ्यात ओतलं.
गुलाबी झालं.
चिंचेहूनही गुलाबी.

तिचा बाप मिस्नादी रात्री एकला घर सोडतो,
इजेनच्या विवरात उतरतो,
पिवळ्या ढेपा फोडून कावड भरतो
आणि दातांत ओलं फडकं धरून कडा चढतो.
दात म्हणजे उरलेत ते.
वर्गातल्या निम्म्या बापांचे दात तसेच,
त्यामुळे कुणी मागे वळून पाहिलं नाही.

मी फळ्यावर लिहिलं,
आम्ल अधिक आम्लारी, झाला क्षार आणि पाणी.
इथल्या भाषेत क्षारही गाराम, मीठही गाराम,
तेव्हा जुमारीनं विचारलं,
मग भातावर घेता येईल?
नाही.
मग गाराम कशाला म्हणायचं?
मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

विड्याचा चुना होता डबीभर.
रात्रभर पाण्यात ठेवून वरची निवळी घेतली,
ड्रॉपर विवितच्या हातात दिला.
एक थेंब. हलव. दोन. हलव.
बाविसाव्याला गुलाबी डळमळलं,
सत्ताविसाव्याला निळं परतलं,
जसं सकाळी फुलात होतं तसं.
वर्ग ओरडला. त्या ओरड्यात तिच्या हातून
एक थेंब जास्त पडला, आणि हिरवं झालं.
ती रडवेली झाली. मी म्हणालो,
थांबायचं कधी, सगळं शिकणं तेवढंच आहे.
म्हणताना ते खरंच वाटलं होतं.

सोमवारी मिस्नादी स्वतः आला.
चपला बाहेर काढल्या, हसताना हात तोंडाशी नेला.
पिशवीतून पाण्याची एक बाटली काढली,
आत हिरवट पाणी, तळाशी पिवळा गाळ.
तळ्यातलं, म्हणाला. विवित म्हणते तुम्ही निळं करता.

मुलांनी टेबलाभोवती गर्दी केली.
वाटीत चमचाभर घेतलं, फुलांचा रस घातला,
तो गुलाबीही राहिला नाही, लाल झाला.
विवितनं मोजायला सुरुवात केली.
पन्नास. शंभर.
दीडशेनंतर ड्रॉपर ठेवून आम्ही चमच्यानं ओतलं.
निवळी संपली, बरणी उपडी केली,
डबीचा तळ खरवडला.
घंटा झाली. कुणी उठलं नाही.
वाटी लालच.

विवितनं वहीत आकडा लिहिला
आणि पुढे, अजून बाकी.

मिस्नादी बराच वेळ वाटीकडे पाहत राहिला.
मग त्यानं, बाजारात विचारतात तसं, विचारलं,
चुना किलोला काय पडतो?

मला गंधकाचा भाव तोंडपाठ होता.
गावात सगळ्यांनाच असतो.
चुन्याचा मी कधी विचारला नव्हता.