नमुना क्रमांक सात

तीन तास झाले.
कोपऱ्यातल्या शेगडीवर, गोल फ्लास्कमध्ये
पाव किलो ओवा उकळतोय
आणि वरच्या बारीक नळीत
पाण्यावर चढून बसलंय तेल,
बोटाच्या पेराहूनही कमी.
तहसीन म्हणते, "मामा, हलवजा नका."
मी कशाला हलवतो.
एकतीस वर्षं काच धुतोय या डिपार्टमेंटात,
फुटलेल्या मोजून सांगेन.

बाहेर अमरावती रोडवर सेहेचाळीसचं ऊन.
कूलरला काल नवा वाळा बसवला,
त्याचा ओला वास आणि ओव्याचा तिखट वास
दारात एकमेकांना अडवून उभे.
इन्क्युबेटरमध्ये मात्र अठ्ठावीस अंश.
बुरशीचं बरं आहे.

गवती चहा माझ्याच अंगणातला,
वाठोड्याहून पिशवीत आणलेला.
निलगिरीची पानं सेमिनरी हिल्सची.
संत्र्याची सालं बर्डीवरच्या ज्यूसवाल्याने दिली,
वर ग्लासभर रस पाजला.
पण सालीचं तेल काही करेना.
कागदाच्या टिकलीला बुरशी
थेट खांदा लावून उभी राहिली.
"नागपूरचं नाव नाही राखलं," मी म्हटलं.
ती हसली नाही. वहीत शून्य लिहिलं.
शून्य लिहायच्या आधीही
ही पोरगी पट्टी लावून बघते.

होळीच्या सुट्टीआधी तिने माझा हात धरला होता.
"मामा, हे नख कधीपासून असं?"
उजवा अंगठा. पिवळा, जाड, कडेला भुगा.
कधीपासून म्हणजे,
पाण्यात हात घातला तेव्हापासून.
बायको विचारायची,
"पंगतीत अंगठा लपवून काहून जेवता वं?"
मी म्हणायचो, सवय.
तहसीनने ब्लेडने थोडं खरवडलं,
पुडीत बांधलं अंगाऱ्यासारखं,
वर लिहिलं : सात.

चौदा दिवसांनी प्लेट दाखवली.
वरून पिंजलेला कापूस, पांढरा.
उलटी केली तर खाली
जुन्या कुंकवाचा रंग.
हे माझ्यात होतं?
"होतं नाही. आहे."
इतकं देखणं काही
माझ्यातून निघेल
असं घरात कुणालाच वाटलं नसतं.

मग ओव्याचा थेंब.
पुढच्या सोमवारी सातच्या मधोमध
स्वच्छ गोल,
आणि त्याच्या काठाशी बुरशी थबकलेली,
उंबऱ्यापाशी पाहुणा थबकतो तशी,
चप्पल काढू की नको.
सव्वीस मिलिमीटर.
तिने दोनदा मोजलं.
तिसऱ्यांदा पट्टी माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी मी चोरी केली.
एकतीस वर्षांत पहिली :
कुपीच्या तळाला उरलेलं,
तीन थेंब असतील.
घरी अंगठ्यावर चोळलं, दार लावून.
असं जळलं
की नळाखाली हात धरून
रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत उभा.

सकाळी तिने लाल चामडी बघितली
आणि काही विचारलं नाही आधी.
मग म्हणाली,
"काचेतलं काचेत असते मामा.
नखाच्या आत नाही जात ते इतक्या सहज.
आणि पातळ न करता कोण लावते?
उद्या मेडिकलला जा, चामडीच्या ओपीडीत.
मी येते सोबत."
चोरीचं नाव तिने काढलं नाही.
कुपीवर नवी चिठ्ठी लावली फक्त.

शनिवारी काम संपलेल्या प्लेटा
ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या, मग धुवायच्या.
ते काम माझं.
सातमधला गोल बाकीच्या जेलीबरोबर विरघळला,
कापूसही, कुंकूही.
साबण, ब्रश, तीन पाणी.
सिंकपाशी रबरी हातमोजे ठेवलेले होते,
नवे, किमतीची चिठ्ठी तशीच.
घातले.
आत हात थोडा वेळ
दुसऱ्या कुणाचा वाटला, कोरडा.
प्लेट उपडी घातली फडक्यावर.
उन्हात धरली, निघाली होती.
ओव्याचा वास तेवढा
धुऊन गेला नाही.