चारास तीन

मनामाच्या सूकमागे, सोनारांची गल्ली संपते तिथं
अब्दुलरसूलचं व्हिडिओचं दुकान.
मी तिथं कॅसेटी उलट्या गुंडाळायचो,
फितीवरची बुरशी स्पिरिटनं पुसायचो
आणि वहीत लिहायचो, कोण काय घेऊन गेलं.

परकार दर गुरुवारी रात्री एकच कॅसेट न्यायचा.
हिद्दच्या सुक्या गोदीत वेल्डर. डोळे कायम लाल.
त्याच्या नावापुढं मी नुसतं ‘तीच’ लिहायचो.

एकदा त्याच्या खोलीवर गेलो, थकलेले दोन दिनार मागायला.
सहा खाटा, एक टीव्ही, मनी एक्स्चेंजचं कॅलेंडर.
टीव्हीवर हिरो तरीतून खाडी उतरत होता.
“आता बघा,” परकार म्हणाला.
काचेच्या उजव्या कडेला बांबूचं टोक आलं,
पाण्यात गेलं, पुन्हा आलं.
“बाबा.”
मला बाबा दिसेनात.
तो उठला, टीव्हीशेजारच्या भिंतीवर,
कॅलेंडरातल्या मार्च महिन्यावर
हात ठेवून म्हणाला,
“इथं आहेत. हर्णैला तंबूत मी पाहिलेत. अख्खे.”

दोन दिनार मागायचे राहूनच गेले.

तेव्हा कळलं, आपण काय भाड्यानं देतो.
तंबूतला पडदा खाडीसारखा आडवा पसरलेला,
टीव्हीची काच चारास तीन.
मग कुठल्याशा शहरात कुठल्याशा खोलीत
एक पगारी माणूस बसतो
आणि चित्राच्या दोन्ही बाजू आत दुमडतो,
लुंगी ट्रंकेत बसवावी तशा.
नट बोलला की नटाकडे सरकतो,
नटी रडली की नटीकडे.
बांबू मारणाऱ्याला संवाद नव्हता.

पुढं कॅसेटी गेल्या, चकत्या आल्या.
अब्दुलरसूल गेला, गल्ल्यावर जासिम बसला.
एका खोक्यात तोच सिनेमा आला, मूळच्या मापाचा,
वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी.
गिऱ्हाईक भांडायला दारात:
अर्धा टीव्ही रिकामा, आणि भाडं पूर्ण?
जासिम म्हणाला, रिमोटवरचं झूम दाबायला सांग, वाद नको.
मी एकेकाला समजावत बसलो:
अहो, ताटात वाटी ठेवली की ताट मोकळं दिसतं,
म्हणून काय वाटी ठोकून ताटाएवढी करायची?
दोघांना पटलं. बाकीच्यांनी झूम दाबलं.

परकारचा व्हिसा संपत आला होता.
गोदीतल्या फोनवर निरोप ठेवला: बाबा आलेत, या.

शटर अर्धं ओढून आम्ही स्टुलांवर बसलो.
खाडी आली.
उजव्या कडेला, बांबूच्या टोकापासून खाली खाली
हात, खांदा, डोक्याला गुंडाळलेला पंचा,
एक पाय तरीच्या काठावर.
माझ्या अंगठ्याएवढा माणूस.
परकार काहीच बोलला नाही.
मी चित्र थांबवलं. तो म्हणाला, नको, चालू द्या,
थांबवलं तर तर बुडेल.

हसावं की नाही, ते मला कळेना.

मग मला दिसलं,
त्याचे बाबा हिरोकडे बघतच नव्हते.
सगळी तर हिरोकडे बघत होती, शेळीसुद्धा,
आणि हा माणूस उजवीकडे, अजून उजवीकडे,
चित्र जिथं खरोखरच संपतं त्याच्या पलीकडं.

परकार उठला. पुन्हा भिंतीवर हात,
या वेळी वीतभर लांब.
“इथं आई.
भाकरी घेऊन धक्क्यावर आलेली.
शूटिंगवाले म्हणाले, बाई, मागं व्हा.
झाली ती मागं.”

तिला कुणी कापलेलं नव्हतं.
ती चौकटीत कधी आलीच नव्हती.
पण मापात चित्र लागलं म्हणून
निदान बघणारा तरी दिसला,
आणि त्याची नजर कुठं जाते ते.

परकार गावी गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.
भिंतीवर त्याच्या पंजाचा तेलकट डाग राहिलाय.
जासिम म्हणतो, एकदा रंग मारून टाकू.
मी म्हणतो, मारू की.