स्थळं बघताना

इंजिन आधीच आणून ठेवलंय डेल्बर्ट हाउगेननं:
पावाच्या गाडीतलं, चार सिलिंडरचं डिझेल,
कोठारात फळीवर, जुन्या रजईखाली.
आता त्याच्यासाठी स्थळं बघत हिंडतोय
मायनॉटच्या भंगारवाड्यांतून, खिशात नऊशे डॉलर.

शेवरले देखणी. चासीला स्क्रूड्रायव्हर टोचला
तर मुठीपर्यंत आत.
बर्फावर टाकतात ते मीठ;
खाल्ल्या मिठाला बिचारी जागली.
जीपचं नाक आखूड, हे धूड मावायचं नाही.

"ही?" मार्लिस विचारते.
कुंपणाशी फोर्ड, दार हिरवं, बाकी पिवळी.
डेल्बर्ट एप्रिलच्या चिखलात उताणा,
खालून पान्यानं ठोकतो.
टण्ण.
कान लावून पुन्हा एकदा.

बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या जागी
चिमणीचं घरटं, चार अंडी.

"जूनमध्ये नेतो," तो मालकाला म्हणतो.
"गिअरबॉक्स तरी कुठे मिळालाय अजून."