बास

चौदा पायऱ्या खाली.
वर किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याच्याही वर मिलवॉकीचा बर्फ.
छत इतकं बुटकं
की ट्रॉम्बोनवाला मान तिरकी करूनच उभा.

पहिल्या दिवशी नियम एकच सांगितला होता:
व्हर्ना एकटी वाजवायला लागली, की शेकर हलवायचा नाही.

आज ती लागली आहे.
चौऱ्याहत्तर वर्षांची, बूट बाजूला काढून, लोकरीच्या मोज्यांवर;
त्या लाकडी धुडाच्या खांद्यावर गाल टेकवून
काहीतरी विचारतेय त्याला,
आणि ते घसा खाकरत, सावकाश सांगतंय.
बास म्हणतात त्याला.
आमच्याकडे बास म्हणजे पुरे. तिला कोण म्हणणार.

माझ्या हातात कुणाची तरी जिन, लिंबू, अर्धवट हललेली.
शेकर पोटाशी धरलाय. बोटं बधिर.
आत एखादा खडा घसरतो
तेवढाच आवाज, तोही चोरटा.

तीन नंबरच्या स्टुलावरचा माणूस
घड्याळ बघत नाही, माझ्याकडेही नाही.
लाकडावर टकटकणारी त्याची अंगठी
मघाशीच थांबली.

ती संपली तेव्हा
टाळ्या लगेच आल्याच नाहीत.

मी ओतलं: नुसतं गार पाणी, लिंबाचा वास असलेलं.
"नवीन करून देते," म्हटलं.
त्यानं ग्लासवर हात ठेवला.