आलेख वाचून दाखवताना

दर गुरुवारी चारनंतर पुस्तकांची बस
मी त्सिझच्या फाटकाशी उभी करते.
त्याला आता वस्तूंच्या फक्त कडा दिसतात,
मधलं सगळं धुरकट.
कादंबरी नको म्हणतो, खोटी माणसं पुरे झाली.
त्याला हवं असतं जाडजूड, तळटिपांचं:
वीज, हवा, धोरण,
कोणी कुणाला काय कबूल केलं
आणि मग काय केलं.

टेबलावर मेणकापड. उकडलेले बटाटे, चक्का,
वर जवसाचं तेल, लाउझित्समध्ये खातात तसं.
मी वाचते, तो सोलतो.

पहिलं प्रकरण संपायच्या आत त्याने अडवलं:
गिगाटन म्हणजे किती?
मी शून्यं मोजू लागले.
शून्यं नकोत, बादल्या सांग.
एकतीस वर्षं त्याने खाणीत चाक चालवलं,
इमारतीएवढं यंत्र, चाकाला अठरा बादल्या,
एकेकीत एक मोटार मावेल.
विजेच्या बिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडला.
पाकीट पुरलं नाही.

मग पान एकशे बारा. आलेख.
"रेषा वर जाते," मी म्हटलं.
"किती?"
"बरीच."
"बरीच हे काय वाचन झालं?"
तेव्हा मी त्याची तर्जनी धरली
(नखाखाली काळी कड, शेगडीत अजून कोळशाच्या विटाच घालतो)
आणि मेणकापडावरून चालवू लागले,
डावीकडून, सावकाश,
लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तशी.

इथे पन्नास. "मी शाळेत."
इथे चढ. "नोकरी लागली. लेंका भेटली."
अजून चढ. "ब्रेझिना उठवलं."
बोट थांबलं.
पुस्तकात ब्रेझिना परिशिष्ट चारमध्ये आहे,
स्तंभ तिसरा: घरं एकसष्ट, पुनर्वसित.
घंटेला स्तंभ नाही.
लेंकाच्या आईच्या नाशपातींनाही नाही.
"रात्रपाळीत पाडलं," तो म्हणाला. "माझी पाळी नव्हती."
बटाट्याचं एक साल लांबच लांब सुटत गेलं.
"माझीच होती."

मी काही बोलले नाही. बोट पुढे नेलं.
नव्वद. इथे रेषा कोसळते
आणि लेखक खूश होतो,
दीड पान खूश: उल्लेखनीय घट.
"सरळ खाली?"
"जवळजवळ."
"बरोबर काढलीय," त्सिझ म्हणाला.
"याच उतारावर यूरिजने मोटारसायकल विकली.
माझ्या दोन्ही पोरी इथूनच पश्चिमेला घसरल्या.
एक नाताळला येते."

कोळसा उगाळावा तितका काळा.
इथला तपकिरी.
उगाळला की खालून उंबरा निघतो.

शेवटी तीन तुटक रेषा, अजून न आलेल्या वर्षांच्या.
त्या कशा चालवायच्या?
त्याचं बोट उचललं, टेकवलं, उचललं.
टक. टक. टक.
एक वर. एक आडवी.
एक खाली, मेणकापडाच्या भोकापर्यंत.
"यातली आपली कुठली?"
मी वाचलं: ते आपल्यावर अवलंबून आहे.
"आपण म्हणजे कोण? तळटीप बघ."
पान उलटून पाहिलं, मागचं संदर्भांचं प्रकरणही.
तळटीप नव्हती.

बाहेर जुन्या खाणीत भरलेलं तळं.
तिथली बदकं त्याला ऐकू येतात,
पवनचक्क्या येत नाहीत, याचं त्याला नवल वाटतं:
इतकं मोठं चाक, आणि आवाज नाही.

"कधी परत करायचं?"
"सव्वीसला."
"नंतर कुणी नाव लावलंय?"
कार्ड पाहिलं. खालची ओळ कोरी.
"मग राहू दे."

बस वळवताना स्वयंपाकघराची खिडकी दिसली.
दिवा लावलेला नव्हता, त्याला लागत नाही.
पुस्तक मिटलेलं, बशी बाजूला,
आणि मेणकापडावर तर्जनी
नव्वदपर्यंत यायची,
थांबायची,
परत डावीकडे जायची.